हिरवं पाणी

"किल्ली इथं ठिवू का हातात देऊ?" मामांनी विचारलं.

मामा म्हणजे माझे सासरे, तातोबा काळेल. म्हसवडच्या शेटे डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर सव्वीस वर्षं ड्रायव्हर. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत ते माझ्या गॅरेजवर दोनदाच आले होते. दोन्ही वेळा रस्त्यावर उभं राहून बोलले आणि गेले. ड्रायव्हरला कान असले की मेकॅनिक कशाला लागतो, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लग्नाच्या बैठकीतही सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पोरगी मात्र मेकॅनिकलाच दिली. त्या दिवशी त्यांनी बाईंची गाडी सरळ आत आणून, गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर नीट मधोमध उभी केली.

"हातात द्या," मी म्हटलं. "काय झालंय?"

"गाडीला काय झालं न्हाय. बाईंनी पाठवलंय."

"काय झालं नाही तर पाठवली कशाला?"

मामांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. पांढरी पँट, पांढरा शर्ट, दोन्हीला कडक इस्त्री. असा माणूस गॅरेजमध्ये कुठं टेकणार? मी स्टूल पुसून दिलं तरी ते उभेच राहिले.

"चार महिनं झालं ॲव्हरेज पडलाय," ते म्हणाले. "आधी चौदा द्यायची. आता नऊबी देत न्हाय. बाई म्हणाल्या, तातोबा, पेट्रोल एकतर गाडी पितीय, न्हायतर…"

"नाहीतर?"

"पुढचं बोलल्या न्हाईत. चारच्या ओपीडीच्या आधी कुणाकडनं तरी बघून घ्या म्हणाल्या. गाडीत दोष निघाला तर ठीक. न्हाय निघाला तर किल्ली टेबलावर ठिवा."

हे सगळं त्यांनी आज ऊन फार आहे म्हणावं तशा आवाजात सांगितलं. सव्वीस वर्षं ज्या घराची पोरं शाळेत सोडली, ज्यांची म्हातारी रात्री-अपरात्री साताऱ्याला नेली, त्या घरानं किल्ली मागितली होती. चोर हा शब्द कुणी उच्चारला नव्हता एवढंच. म्हसवडमध्ये असला शब्द न उच्चारताही आठवडाभरात सगळ्या पेठेत पोचतो, आणि मग माणसाला दुसरी गाडीही कुणी देत नाही.

"आणि कुणाकडनं तरी म्हणून माझ्याकडं आलात होय?" मी म्हटलं. म्हणायला नको होतं, पण माझी जीभ तशीच आहे.

"दहिवडीला गेलो असतो," मामा म्हणाले. "पर परत यायला इळ झाला असता."

मी बॉनेट उघडलं. साडेदहा वाजले होते. गाडी पेट्रोलची, वर्षभरापूर्वी बाईंनी पुण्यातून जुनी घेतलेली. त्याआधी त्यांच्याकडं जीप होती, आणि ती मामांनी इतकी सांभाळली होती की विकताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. ही गाडीही तशीच ठेवलेली. बॉनेटखाली हात फिरवला तर बोटाला धूळ लागेना. पेट्रोलच्या पाइपला कुठं ओल नाही, वास नाही. एअर फिल्टर झाडून स्वच्छ. इंजीन चालू केलं तर आवाज एकसारखा. पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध जाऊन शहाण्यासारखा उभा राहिला. डॅशबोर्डवर कसला दिवा नाही.

"सांगितलं न्हवं?" मामा म्हणाले. "गाडीला काय न्हाय."

त्यांना कळत नव्हतं असं नाही. गाडीला काही नाही हे ते ज्या अभिमानानं सांगत होते, तोच त्यांच्या गळ्यात फास होता. पण आपली गाडी बिघडलीय असं म्हणणं त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात जयमालाचा फोन आला. जयमाला म्हणजे माझी बायको. मी फोन घेऊन गॅरेजबाहेर लिंबाखाली गेलो.

"अण्णा आलेत का तुमच्याकडं?"

"आलेत."

"आईचा फोन होता. ती नुसती रडतीय. तो कंपाउंडर आहे ना बाईंचा, त्यानं बाईंना सांगितलंय, तातोबांच्या डिकीत रबरी पाइप आणि कॅन असतो म्हणून. एवढी वर्षं झाली, एका शब्दानं अण्णांना विचारायला नको का? माझ्या अण्णांनी कधी कुणाच्या शेतातलं कणीस मोडलं नाही."

"बघतो," मी म्हटलं.

"बघतो म्हणजे?"

"म्हणजे गाडी बघतो."

ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना."

"अगं, हातात काम आहे. ठेव फोन," मी म्हटलं आणि मीच ठेवला.

आता खरं ते सांगतो. मला काय वाटत होतं ते मला चांगलं माहीत होतं. बारा वर्षं मी गाड्यांच्या खाली पडून काढली होती. रबरी पाइप आणि पाच लिटरचा कॅन कशाला असतो हे मेकॅनिकला कुणी शिकवावं लागत नाही. देवमाणूस म्हणून गावानं ओवाळावेत असे ड्रायव्हर मी ढाब्यामागं टाकीला पाइप लावून बसलेले पाहिले होते. त्यातल्या एकालाही मी बोललो नव्हतो. पोटासाठी करतात, आपल्याला काय. पण हा माणूस बैठकीत पाटावर बसून मला म्हणाला होता, "पावनं, हात धुतलं तरी नखं काळीच दिसत्यात तुमची." तेव्हापासून माझ्या मनात काहीतरी होतं. ते त्या दिवशी वर आलं.

मी परत आलो तर मामा म्हणाले, "च्या सांगून येतो," आणि समोरच्या हॉटेलकडं गेले. त्यांची पाठ वळली आणि मी गाडीच्या मागं गेलो.

मी सायलेन्सरपाशी उभा होतो. सायलेन्सरच्या तोंडाला काळी मऊ काजळी धरली होती, चुलीच्या धुराड्याला धरते तशी. ती मला दिसली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. गाडी जास्त पेट्रोल जाळतीय याची ती खूण; कुठलाही मेकॅनिक ती बघून पुढं जाऊन इंजीनचे प्लग काढेल. मी तिच्यावरून हात नेऊन डिकी उघडली.

पाइप होता. हातभर लांब, वेटोळं करून सुतळीनं बांधलेला. शेजारी पाच लिटरचा पांढरा कॅन, फडक्यात गुंडाळलेला. मी फडकं सोडलं, झाकण काढलं आणि कॅनच्या तोंडाला नाक लावलं.

कसलाच वास नव्हता. मी परत हुंगलं. पाण्याचा वास. मग मी तो कॅन उजेडात धरून आत बघितलं. आतल्या बाजूला पांढरा थर बसला होता, खडबडीत, आमच्या भागात पाणी तापवायच्या बंबाला बसतो तसा क्षार.

मान वर केली तर मामा दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन उभे होते.

"जॅक बघत होतो," मी म्हटलं.

"जॅक सीटखाली असतो," मामा म्हणाले. त्यांनी एक ग्लास माझ्यापुढं धरला. "च्या घ्या. गार व्हईल."

माझ्या एका हातात कॅन, दुसऱ्यात झाकण. ते खाली ठेवून ग्लास घेईपर्यंत मला घाम फुटला. मामांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. ते त्यांच्या ग्लासातला चहा फुंकत होते.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामा, या कॅनमध्ये काय असतं?"

"गाडीचं पाणी. आमच्या बोअरचं." एवढं बोलून त्यांनी घोट घेतला, मग गडी खुलला. "बाईंच्या टाकीत नळाचं पाणी येतंय. त्यात पावडर मारत्यात, वास मारतो नुसता. गाडीला कशाला घालायचं असलं? मी घरनं घेऊन येतो. रोज सकाळी गाडीला ताजं पाणी पाजल्याबिगर मी च्या घेत न्हाय. सव्वीस वर्षांत एक दिवस चुकला न्हाय."

"आणि पाइप?"

"दर रविवारी शिळं पाणी काढायला."

मी ग्लास स्टुलावर ठेवला आणि रेडिएटरचं झाकण उघडलं. इंजीन एव्हाना निवलं होतं. या गाड्यांमध्ये साधं पाणी घालत नाहीत. कूलंट घालतात, हिरव्या रंगाचं, तयार मिळतं, ते क्षार धरू देत नाही आणि धातू खाऊ देत नाही. आत हिरवं नावालाही नव्हतं. ताकासारखं गढूळ पाणी होतं.

"मामा, गाडी आली तेव्हा यात हिरवं पाणी होतं का?"

"व्हतं की." मामा माझ्याजवळ आले आणि आवाज खाली करून, कुणाची तरी खाजगी गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "सगळं शेवाळ धरलेलं. हिरवंगार. पुण्याची माणसं, कवा बघत असतील आत? बाईंना बोललो न्हाय, वाईट वाटलं असतं. नवीन गाडी घेतली म्हणून पेढं वाटलं हुतं त्यांनी. मीच सगळं काढून टाकलं, दोन येळा खळबळून धुतलं आणि ताजं भरलं."

मला हसूही येईना आणि दुसरं काही करताही येईना. मी नुसतं "हं" म्हटलं आणि प्लगचा पाना घेतला.

चारही प्लग काळेकुट्ट निघाले. म्हणजे गाडी खरंच पेट्रोल पीत होती, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. आता का, ते शोधायचं होतं, आणि आता मला ते कुठं शोधायचं ते ठाऊक होतं.

या गाड्यांत इंजीनच्या पाण्यात दोन सेन्सर असतात. एक डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी आणि दुसरा पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरसाठी. काटा बरोबर होता म्हणून कुणाला संशय आला नाही. पण कॉम्प्युटरवाला सेन्सर जर सांगत राहिला की इंजीन अजून गार आहे, तर कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवतो. थंडीत सकाळी आपण चोक ओढतो ना, तसं. तेवढ्यापुरतं ठीक आहे. पण दिवसभर चोक ओढून गाडी पळवली तर ॲव्हरेज नऊच्या वर जाईल कसा? सेन्सर पूर्ण मेला असता तर डॅशबोर्डवर दिवा लागला असता. हा मेला नव्हता. आकडा देत होता, फक्त खोटा.

माझ्याकडं तपासायचं मशीन नव्हतं, ते तेव्हा अकलूजला एकाकडं होतं. पण वायरी तपासायचा मीटर होता. सेन्सरची जोडणी सोडून मीटरच्या दोन वायरी लावल्या. इंजीन निवलेलं असताना अठराशेच्या आसपास आकडा, जसा हवा तसा. मग प्लग परत बसवून, गाडी चालू करून पंधरा मिनिटं तशीच ठेवली. काटा मधे आला, रेडिएटरला हात लावून बघवेना. मीटरचा आकडा एवढ्यात दोन-तीनशेवर उतरायला हवा होता. तो सोळाशेवरच घुटमळत राहिला.

"काय म्हणतोय?" मामांनी विचारलं.

"म्हणतोय, अजून गार आहे."

मामांनी रेडिएटरच्या वाफेकडं बघितलं, मग मीटरकडं. "लबाड हाय की," ते म्हणाले.

इंजीन निवू देऊन मी सेन्सर खोलला. पितळेचं बोटाच्या पेराएवढं टोक, पण पितळ दिसतच नव्हतं. त्यावर पांढऱ्या क्षाराचं कवच बसलं होतं. स्क्रूड्रायव्हरनं टोकरल्यावर तुकडा निघाला, आणि खाली पितळ खाल्लेलं, एक बारीक भोक पडून आत पाणी गेलेलं. मी तो मामांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. अंगठ्यानं तो पांढरा थर चोळला. मग डिकीपाशी उघड्या पडलेल्या कॅनकडं एकदा बघितलं आणि परत सेन्सरकडं.

मी घाईनं म्हटलं, "जुना पार्ट आहे मामा. जातात असे. गाडी पुण्यातून आली तेव्हाच खराब असेल."

"व्हय?" मामा म्हणाले.

"असं होतं पुष्कळदा."

त्यांनी सेन्सर माझ्या हातात परत दिला आणि चष्मा खिशात ठेवला.

गॅरेजच्या मागं त्याच जातीची एक ठोकलेली गाडी माझ्याकडं पडून होती. तिचा सेन्सर मी काढला, पुसला, बाईंच्या गाडीत सेन्सरच्या जागी तात्पुरता बोल्ट आणि नवे प्लग बसवले आणि दोन्ही सेन्सर, काळे प्लग, मीटर घेऊन निघालो. जाताना गाडी मामांनीच चालवली. पाच मिनिटांचा रस्ता, पण त्यांनी प्रत्येक गतिरोधकाला पेशंट मागं झोपलाय अशा बेतानं गाडी काढली. मी मनात वाक्यं जुळवत होतो. बाई विचारणार, सेन्सर का खराब झाला. मी म्हणणार, जुना पार्ट. बस. मामांचं नाव चोरीतून सुटेल आणि अडाणीपणातही अडकणार नाही. ते मी त्यांचं देणं लागत होतो, कॅनला नाक लावल्याबद्दल.

दवाखान्यात दुपारची सामसूम होती. बाई तपासणीच्या खोलीत कागद बघत बसल्या होत्या. साठीच्या आसपासची बाई, बोलणं मोजकं. मामा दाराच्या चौकटीबाहेर चप्पल काढून उभे राहिले.

"बसा हणमंत," बाई मला म्हणाल्या. "एक आधीच सांगते. तुम्ही तातोबांचे जावई आहात. तुम्ही गाडीत दोष आहे म्हणालात, तर मी काय समजायचं?"

नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बाईंचं चूक नव्हतं. "माझं ऐकू नका बाई," मी म्हटलं. "तुम्हीच तपासा. सुया उकळायचं भांडं आहे ना?"

त्यांनी भुवया वर केल्या, पण त्या उठल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर निर्जंतुक करायचं विजेचं भांडं होतं. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं, की हा गाडीचा थर्मामीटर समजा, पाणी तापेल तसा आकडा खाली उतरला पाहिजे. पुढचं सगळं त्यांनी स्वतः केलं. चिमट्यात पहिला सेन्सर धरला, त्या ठोकलेल्या गाडीचा, त्याचं टोक पाण्यात बुडवलं आणि मीटरच्या वायरी मला लावायला सांगितल्या. पाणी उकळायला लागलं तसा आकडा भराभर उतरला. हजार, पाचशे, दोनशे.

"आता तुमच्या गाडीचा," मी म्हटलं.

त्याच उकळत्या पाण्यात त्यांनी दुसरा बुडवला. सतराशे. साडेसोळाशे. सोळाशे. आणि तिथंच. बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघून पूर्ण पाच मिनिटं तो तसाच धरला. मग चिमटा खाली ठेवला.

"म्हणजे उकळत्या पाण्यातही हा गार आहे म्हणतोय."

"हो. आणि गाडी त्याचं ऐकून पेट्रोल ओततीय. प्लग आणलेत मी, बघा, कसे काळे झालेत."

बाईंनी प्लगकडं बघितलं नाही. त्या दाराकडं बघत होत्या. "तातोबा, आत या," त्या म्हणाल्या.

मामा आत आले.

"माझी चूक झाली. मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

मामांनी मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, कळलं नाही. मला वाटलं, झालं. सुटलो. मी मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. आणि बाईंनी, डॉक्टरच त्या, तो सेन्सर परत उचलून विचारलंच, "हा असा झाला कशानं?"

"जुना पार्ट आहे बाई," मी म्हटलं. "जातो कधी कधी—"

"माझ्यामुळं झाला," मामा म्हणाले.

"मामा, तसं काही नाही—"

"जावईबापू, थांबा जरा." त्यांनी माझ्याकडं न बघता हात वर केला. "बाई, गाडी आली तवा आत हिरवं पाणी व्हतं. मला वाटलं शेवाळ. मी काढून टाकलं आणि आमच्या बोअरचं भरलं. वरीसभर रोज भरतोय. डिकीत कॅन असतो तो त्याचाच. बोअरचं पाणी किती जड हाय मला ठाव हाय, आमच्या घरची भांडी पांढरी झाल्यात. पर ते गाडीच्या आत जाऊन असं करंल हे मला कळलं न्हाय. ह्यांनी सकाळीच वळखलंय. मला वाईट वाटंल म्हणून बोलंनात."

भांड्यात पाणी अजून उकळत होतं. बाईंनी जाऊन बटण बंद केलं.

"ते हिरवं पाणी काय असतं हे मलाही माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"तुमाला माहीत असायचं कारण न्हाय. ड्रायव्हर मी हाय." मामांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर, बाईंच्या कागदांशेजारी ठेवली. "सकाळी तुमी किल्ली मागितली, तवा मी ठिवणार न्हवतो. चोर म्हणून न्हाय ठिवणार, असं घरात सांगून निघालो हुतो. आता ठिवतो. ह्या नवीन गाड्या मला कळत न्हाईत. दुसरा बघा कुणीतरी, शिकलेला."

"तातोबा, सोमवारी मला साताऱ्याला जायचंय."

"पवाराचा पोरगा चांगलाय. मी सांगतो त्याला."

"मी तुम्हाला विचारतीय."

"व्हय बाई. पर माझं मलाच कळलं पायजे न्हवं?"

बाई उठून उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांत मामांनी त्यांना कधी नाही म्हटलं नसेल. मामांनी हात जोडले, बाहेर येऊन चपला घातल्या, आणि आम्ही दोघं चालत निघालो.

ऊन उतरत होतं. माझ्या काखेत मीटर, खिशात दोन सेन्सर; चांगला दुसऱ्या दिवशी येऊन बाईंच्या गाडीत बसवायचा होता. मामा माझ्या शेजारून चालत होते, आणि गाडीशिवाय चालताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. ते जरा झुकून चालायचे. आम्ही पेठ ओलांडली. दोन-तीन जणांनी दुकानातून "काय तात्या, आज पायी?" विचारलं, त्यांना मामांनी हात केला.

पुलापाशी मला राहवलं नाही. "मामा," मी म्हटलं, "सकाळी मी जॅक बघत नव्हतो."

"ठाव हाय मला."

"मी प्लग आधी काढायला पाहिजे होते. काजळी दिसली होती मला. तरी मी डिकी उघडली. मला वाटलं होतं, तुम्हीच…" पुढचं माझ्याच्यानं बोलवेना. सकाळी बाईंच्या तोंडूनही पुढचं निघालं नव्हतं, तसंच.

मामा थांबले. पुलाच्या कठड्यावर हात टेकला. नदीला पाणी नव्हतं, पात्रात म्हशी चरत होत्या.

"मी तुमच्या जागी असतो तर मीबी तेच केलं असतं," ते म्हणाले. "पाइप आणि कॅन म्हणल्यावर कुणीबी करंल. मला तुमचा राग न्हाय आला, पावनं. खरं सांगू का, तुमी मला नुसतं मामा म्हणून सोडलं असतं तर बाईंच्या म्होरं तुमचं बोलणं जावयाचं झालं असतं. तुमी वास घिऊन मग बोललात."

मला हुंदका आला. तीस वर्षांचा घोडा मी, भर पुलावर. मामांनी तिकडं लक्ष दिलं नाही, म्हशींकडं बघत राहिले. माझं आवरल्यावर म्हणाले, "एक ऐका. जयमालाला समदं सांगा. शेवाळाचं सांगा, ती हसंल. तिची आईबी हसंल. बाप येडा म्हणतील, म्हणू द्या. कॅनला नाक लावल्याचं तेवढं सांगू नका."

"का?"

"तिला तुमच्याबरोबर आयुष्य काढायचंय," मामा म्हणाले, आणि चालायला लागले.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. सोमवारी बाई साताऱ्याला एसटीनं गेल्या. महिनाभर त्यांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला नाही, निरोप मात्र तीनदा पाठवला. मामा गेले नाहीत. पुढं ते एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर लागले आणि शेवटपर्यंत तोच चालवला. सहा वर्षांपूर्वी वारले. बाई आल्या होत्या मातीला, लांब उभ्या होत्या.

शेवाळाची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. दिवाळीला सगळे जमले की जयमाला ती अण्णांच्या आवाजात सांगते, "पुण्याची माणसं, कवा बघत असतील आत?" आणि पोरं लोळून हसतात. मीही हसतो. मग ती दरवेळी माझ्याकडं बोट करून पोरांना म्हणते, "सगळ्या गावाला संशय आला होता, पण तुमच्या बाबांना एक क्षणही आला नाही."

मी उठून पाणी प्यायला आत जातो.